स्वतःशी मायेनं बोलायचं म्हणजे लाड करायचे का?

प्रश्न : मॅडम, मी वडगावची, घरी पॉवरलूम आहेत. पोरगा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात गेला तेव्हापासून झोप नाही, मीच लक्ष दिलं नाही असं सारखं वाटतंय. काउन्सेलर म्हणतात स्वतःशी जरा मायेनं बोला, पण बोलायला गेलं की रडूच फुटतंय. आणि खरं सांगू, हे मला स्वतःचे लाडच वाटतात.
– एक आई, बेळगाव

उत्तर : ताई, रडू येतंय हे पहिलं काउन्सेलरना सांगा, लपवू नका. आयुष्यभर बोलणीच खाल्लेल्या माणसाला माया सुरुवातीला टोचते, भीतीसुद्धा वाटते, मग थेरपीत वेग कमी करतात.

ब्रिटनचे मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची करुणेवर आधारलेली थेरपी आहे ना, ती अशाच लोकांना बघून उभी राहिली. त्यांचे पेशंट ‘माझी चूक नाही’ असं म्हणायचे, शब्द अगदी बरोबर, पण आतला आवाज खेकसणारा, मग बरं कसं वाटणार? तुमचंच बघा, रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘काय आई गं तू, काय करूलालीस’ हे कुठल्या सुरात येतंय? कुणी अंगावर धावून आल्यावर शरीर जसं ताठ होतं तसंच स्वतःच्या शिव्यांनीही होतं, छाती धडधडते, झोप उडते. म्हणून शब्दांआधी सूर बदलायचा. श्वास सावकाश, हात छातीवर, आणि शेजारणीचा पोरगा नापास झाला असता तर तिला जे बोलला असता तेच स्वतःला, ‘अगं’ म्हणून, वहीत लिहायचं. चार ओळी पुरे.

लाडाचं म्हणाल तर, लूमवर तार तुटली की तुम्ही लूमला बडवत नाही, थांबवून गाठ मारता. तसंच हे. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या स्वतःवरच्या करुणेत तीन गोष्टी सांगितल्या, स्वतःशी माया, असं सगळ्यांच्याच वाट्याला येतं याची जाणीव, आणि दुःख ना दाबायचं ना फुगवायचं. यात जबाबदारी झटकणं कुठंच नाही! पोराला एक्झाम टूला, म्हणजे दहावीच्या दुसऱ्या परीक्षेला, बसवा, ट्यूशन बघा, ते करायचंच, पण तेही शांत डोक्यानं जास्त नीट होतं असं मला मनापासून वाटतं.

झोप नाहीच आली तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. जीव नकोसा वाटला तर थांबू नका, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.