भाजल्यानंतरच्या व्रणात भरायची चरबी गोठवून ठेवता येते का?

ताई, तुमच्या भावाचा गळा आणि उजवा हात भडक्यात भाजला, मांडीची कातडी लावून झाली, आणि आता आखडलेल्या व्रणाखाली त्याच्याच पोटातली चरबी भरायचं ठरलंय. दोन-तीन खेपा लागणार, मग एकदाच जास्त काढून गोठवून ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या थिएटरमध्ये सिस्टर आहे. माझं मत सरळ आहे: पोटावर पुरेशी चरबी असेल तर दर खेपेला ताजीच काढू द्या.

चरबी बारीक नळीने ओढली की आम्ही सिरिंज उभी ठेवतो. थोड्या वेळात तीन थर पडतात. वर पिवळं तेल, तळाशी लालसर पाणी, मध्ये लोण्यासारखी चरबी. कामाची ती मधलीच. वरचं तेल फुटलेल्या पेशींचं. गोठवताना पेशींत बर्फाचे कण होतात आणि हे तेल कितीतरी वाढतं. ते व्रणाखाली गेलं तर सूज येते, गाठी राहतात. ताजी भरलेली चरबीसुद्धा सगळी टिकत नाही, काही महिन्यांत बरीचशी जिरते. दुसरी खेप लागते ती त्यामुळेच.

घरच्यासारख्या उणे २० अंशांच्या फ्रीझरवर तर अजिबात विसंबू नका. पेशी जगवायच्या तर आधी संरक्षक द्रावण घालावं लागतं, मिनिटाला साधारण १ अंश अशा गतीने थंड करावं लागतं, मग उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. वापरायच्या वेळी ३७ अंशांवर झटपट वितळवून ते द्रावण धुऊन काढायचं. एवढी सोय असलेली प्रयोगशाळा हवी.

‘त्वचेची बँक असते, मग चरबीची का नाही?’ असं नातेवाईक नेहमी विचारतात. सायनच्या पालिका रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. पण ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ती कातडी जखमेवरचं तात्पुरतं पांघरूण असते, पेशी जिवंत नसल्या तरी भागतं. चरबीला आत जाऊन जगायचं असतं.

म्हणूनच ती एका जागी ढीग करून भरत नाहीत. आधी टोकदार सुईने व्रणाचे ताठ पट्टे आतून सोडवतात, मग बारीक बारीक धाग्यांसारखी पसरवतात, म्हणजे प्रत्येक कणापर्यंत रक्त पोचतं. मिलानच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये भाजल्याचे जुने व्रण असे मऊ झाल्याचं लिहिलं होतं. मी स्वतः एक मुलगी पाहिली, हनुवटी छातीकडे ओढली गेलेली. दुसऱ्या खेपेनंतर ती ड्रेसिंगला आली तेव्हा गळ्यावरची कातडी चिमटीत धरून मला दाखवत होती. आधी तिथे चिमूट बसायचीच नाही. माझे डोळे भरून आले.

भावाचं पोटही भाजलं असेल किंवा तो फार बारीक असेल, तर साठवणुकीचा विचार जरूर होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारा: किती अंशांवर ठेवणार, किती दिवस, आणि वितळवल्यावर पेशी जिवंत आहेत का ते तपासणार का? आणि व्रण दबून राहावा म्हणून बांधतात तो गळ्याचा दाबपट्टा पुन्हा कधी चढवायचा, तेही आधीच लिहून घ्या. भरलेल्या जागेवर लगेच दाब पडला तर चरबीला रक्त मिळत नाही, आणि घरी पहिल्याच रात्री काळजीपोटी कुणीतरी तो पट्टा घट्ट बांधतं.