फिजीची जुनी 'उला' गदा खरी की नक्कल, हे लिलावातल्या फोटोंवरून कसं ओळखायचं? ती भारतात आणता येते का?

लिलावातल्या या उलेच्या वर्णनात विक्रेत्याने तीन गोष्टी लिहिल्या आहेत: लांबी ४० सेंमी, 'एकोणिसावं शतक' आणि मुठीत बसवलेले पांढरे ठिपके. लांबी उलाला साजेशी आहे. शतक विक्रेत्याने लिहिलं म्हणून खरं ठरत नाही. ठिपक्यांपायी मात्र सगळा व्यवहार अडू शकतो, ते खाली लिहितो.

सगळ्यात आधी डोक्याचा फोटो मागवा, तोही टोकाच्या बाजूने, सरळ समोरून. उला म्हणजे फेकून मारायची आखूड गदा. योद्धे ती कमरेच्या पट्ट्यात खोचत, बऱ्याचदा जोडीने, आणि भिडण्याआधी फेकत. ती फळीतून कोरलेली नसते. कोवळं झाड मुळासकट उपटायचं, बुडख्यातून डोकं घडवायचं आणि खोडाची मूठ करायची, अशी पद्धत. त्यामुळे खऱ्या डोक्यात लाकडाच्या रेघा वळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. मुठीच्या बुडाशी खोडाचा गाभा बहुधा मधोमध सापडतो. पर्यटकांसाठी केलेली नक्कल ठोकळ्यातून किंवा लेथवर काढलेली असते. तिच्या रेघा मुठीतून निघून डोक्यातून आरपार सरळ जातात. रंग, धूळ, ओरखडे नंतर चढवता येतात, रेघा वळवता येत नाहीत. म्हणून माझा अर्धा निर्णय इथेच होतो.

हीच कसोटी मोठ्या गदांनाही लागते. वाकड्या डोक्याच्या 'साली' प्रकारात वाकलेलं खोड निवडत किंवा वाढतानाच वाकवत, म्हणून रेघा बाकाबरोबर वळतात. बाकावर रेघा आडव्या तुटलेल्या दिसल्या तर ती गदा फळीतून कापलेली. तशी गदा पहिल्या जोरदार घावात तिथेच मोडली असती.

मग वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून फोटो काढायला सांगा. पुष्कळ गदा नोकोनोकोच्या लाकडाच्या असतात, आणि नोकोनोको म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावर लावतात तो सुरूच. सुरूचा वाळलेला दांडका एकदा हातात घेऊन पाहा, म्हणजे आकाराच्या मानाने वजन किती हवं याचा अंदाज येईल. आकार मोठा आणि वजन हलकं असेल तर पुढे बघायची गरज नाही.

मुठीवरचं नागमोडी कोरीवकाम तिरप्या उजेडात पाहा. जिथे तळवा घट्ट बसतो तिथे कंगोरे बोथट आणि गुळगुळीत हवेत, कडेला जास्त धारदार. सगळीकडे सारखीच झीज म्हणजे सँडपेपर. खाचांच्या तळाशी समांतर बारीक ओरखडे दिसले तरी तेच. खऱ्या वस्तूवर घराच्या आढ्यातला धूर आणि तेल यांचा थर असतो, पण तो उंचवट्यांवर चकाकतो आणि खाचांत मळकट राहतो. एकसारखा तपकिरी रंग दिसला की बूट-पॉलिश किंवा स्टेनची शंका घ्या. चिराही पाहा: जुन्या चिरेच्या कडा गोलसर, आत धूळ, नव्या चिरेच्या आत फिकं लाकूड.

दोन गोष्टींवरून उगाच नकली ठरवू नका. एक, लोखंडी हत्याराच्या खुणा. चंदनाच्या व्यापाऱ्यांबरोबर १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच फिजीत लोखंड आलं, त्यामुळे अस्सल एकोणिसाव्या शतकातल्या गदेवर पटाशीची खूण असू शकते. दोन, व्हार्निश. युरोपातले जुने संग्राहक ते हौसेने लावत. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च असेल तर नवा गोंद आणि भराव वेगळे चमकतात. एवढ्यासाठी तो कामाचा.

जुना कागदी लेबल किंवा शाईने लिहिलेला संग्रहाचा क्रमांक मिळाला तर तो कधीही पुसू नका. फिजी १८७४ मध्ये ब्रिटिश वसाहत झाली. त्या काळातल्या अधिकारी, मिशनरी आणि नौदलातल्या लोकांच्या घरांतून बाहेर पडलेल्या वस्तूंमध्ये हाच क्रमांक वंशावळ ठरतो. लेबलंही खोटी असतात, म्हणून क्रमांक जुन्या यादीशी जुळतो का ते विचारा. इंग्लंडमधल्या टॉर्कीचा व्यापारी जेम्स लिटल पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या, वस्तूंच्या नकलांसाठी कुप्रसिद्ध होता, त्यामुळे 'जुना इंग्लिश संग्रह' एवढ्यावर मी कधीच समाधान मानणार नाही. आणि माणसाचं मांस खायला वापरत म्हणून विकला जाणारा लाकडी 'नरभक्षकांचा काटा' तर सुरुवातीला घेऊच नका, बाजारातले बहुतेक पर्यटकांसाठीच बनलेले.

आता ते ठिपके. विक्रेते 'हस्तिदंत' लिहितात, पण फिजी-टोंगाकडे ते बहुधा स्पर्म व्हेलच्या दातांचे असतात. काही उलांत माणसाचे दातही बसवलेले सापडतात. स्पर्म व्हेल 'साइटीस'च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. वस्तू कितीही जुनी असली तरी सीमा ओलांडताना परवाने लागतात, शिवाय आपला वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. कागद नसतील तर माल कस्टममध्ये जप्त होतो. भारतात आणायची असेल तर बिनठिपक्यांची, नुसत्या लाकडाची उला शोधा. थेट फिजीतून जुनी वस्तू बाहेर काढायला तिथल्या १९४० च्या कायद्याखाली परवानगी लागते, म्हणून ती कधी आणि कशी बाहेर पडली हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बिलावर वय, लाकूड आणि 'नकली निघाल्यास परत' हे तिन्ही हवं. हातोडीच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, लिलावगृहाचं २०-३० टक्के कमिशन वेगळं, हे बोलीआधीच धरा. एक विसरू नका: शंभर वर्षांहून जुनी वस्तू एकदा भारतात आली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती खाजगीरीत्या परत बाहेर पाठवता येत नाही. परदेशी स्थायिक होणार असाल तर तिथेच ठेवा.

घरी आल्यावर जवसाचं किंवा खोबरेल तेल चोळू नका. धूळ चिकटते, रंग कायमचा काळवंडतो. मऊ कोरड्या ब्रशने झाडा, बस. पावसाळ्यात दमट हवा आणि रात्री एसी या चढउतारानेच चिरा वाढतात, म्हणून एसीच्या झोतापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रतेत ठेवा. खाली पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. गदा प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. दात बसवलेल्या गदेला हा उपाय करू नका, तापमानाच्या फरकाने दात तडकतात आणि सुटतात. भिंतीवर लावताना काथ्याच्या दोरीने टांगू नका, दोन ठिकाणी फेल्ट लावलेल्या आकड्यांचा आधार द्या.