धारणक्षमता शिकायला सुरुवात करताय? आधी एवढंच धरा

धारणक्षमता म्हणजे एखादी जागा एखाद्या जिवाची जास्तीत जास्त जेवढी संख्या दीर्घकाळ पोसू शकते, ती मर्यादा. सुरुवातीला समीकरणांच्या मागे लागू नका, ती नंतर आपोआप सोपी वाटतील. एक जागा आणि एक जीव निवडा आणि विचारा: इथे याला सर्वात आधी काय कमी पडेल? अन्न, पाणी, घरट्याची जागा की ऊन? ज्याची टंचाई आधी जाणवते, तेच संख्या अडवतं. ढोलीत घरटं करणाऱ्या पक्ष्यांना किडे मुबलक असले, तरी ढोल्याच नसतील तर त्यांची संख्या वाढत नाही.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे संख्या मर्यादेपाशी पोचली की तिथेच शांतपणे थांबते, असं समजणं. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले होते. शिकारी प्राणी नव्हते. १९६३पर्यंत ते सुमारे ६,००० झाले. हिवाळ्यातलं त्यांचं मुख्य खाणं होतं लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या जातीचं, फार सावकाश वाढणारं. ते संपत आलं, त्यात कडक हिवाळा आला. १९६६मध्ये उरले फक्त ४२. हे उदाहरण नीट समजून घ्याच. कळप मर्यादा ओलांडून गेला आणि जाताना ती मर्यादाच खाली ओढून गेला.

आणखी दोन चुका टाळा:
- मर्यादा हा कायमचा आकडा मानणं. पावसाबरोबर, ऋतूबरोबर ती बदलते.
- एकदाच मोजून निष्कर्ष काढणं. निदान वर्षभर, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजा.

शिकारी-भक्ष्य चक्रं, म्हणजे शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येचे एकमेकांमुळे होणारे चढउतार, सध्या बाजूला ठेवा. मोजणीच्या नोंदींची पहिली वही भरली की त्याबद्दल जरूर विचारा.