लेझरचे बूट मागवायच्या आधी फरशीला पट्ट्या लावून बघा

खानापूरच्या ताईंनी विचारलंय की बाबांना सहा वर्षं पार्किन्सन आहे, दारात आले की पाय जमिनीला चिकटतात, तर ते लेझरवाले बूट मागवू का. मागवा, पण लगेच नको.

आमच्या आप्पांचा जन्म वडगावात माग चालवण्यात गेला. पार्किन्सनला आता नऊ वर्षं झाली. मोरीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाय डिंकानं चिकटवल्यागत होतंय बघ." आणि हाच माणूस देवळाच्या पायऱ्या मात्र भराभर चढायचा, मग आम्हाला वाटायचं नाटक करालेत! भांडणं झालीत घरात त्यावरनं, आता आठवलं तरी लाज वाटते. या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, मग चालणं आपोआप होत नाही, पण डोळ्याला ओलांडायला काहीतरी दिसलं किंवा कानाला ठेका मिळाला की पाय उचलतो. पायरी म्हणजे ओलांडायची रेघच की.

बूट पण तेच करतात. टेकलेल्या पायाचा बूट पुढं रेघ टाकतो, दुसऱ्या पायानं ती ओलांडायची. नेदरलँड्समध्ये 19 पेशंटवर करून बघितलं, 2017 ला छापून आलं, पाय अडकायचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं आणि पार्किन्सनच्या गोळीचा असर उतरलेला असताना फायदा जास्त दिसला. पण भर उन्हात लेझर नीट दिसत नाही, हे लक्षात ठेवा. आणि तो अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठवाल्यांचा कमरेला-मांडीला बांधायचा रोबोट पट्टा, 2024 ला बातमी आली होती, तो 73 वर्षांच्या एकाच गृहस्थांवर केलेला प्रयोग आहे, व्हिडिओ बघून लगेच आशा लावू नका.

आता काम सांगते. इलेक्ट्रिकच्या दुकानातनं पिवळी टेप आणा, खाट ते मोरी या वाटेवर आडव्या पट्ट्या लावा, बाबांचं पाऊल बरं पडतं तेव्हा जेवढं पडतं तेवढ्या अंतरानं, आमच्याकडं सव्वा फूट बसलं. पंधरा दिवस बघा. पट्टीवर पाय उचलत असतील तर लेझरचा उपयोग व्हायची शक्यता बरीच, नाहीतर पैसे वाचले.

मी हे न करता फसलेय. ऑनलाइन ठेक्यात थरथरणारा मनगटी पट्टा घेतला, ॲप सगळं इंग्रजीत, शर्टाचं बटण लावायला ज्यांना दहा मिनिटं लागतात ते मोबाइलवर कुठं टॅप करणार, तीन आठवड्यांत पट्टा बंद आणि कंपनी फोन उचलेना. शेवटी मोबाइलमधल्या फुकटच्या मेट्रोनोमवर, म्हणजे टक-टक ठेका देणाऱ्या ॲपवर भागलं. त्याहून गंमत म्हणजे शेजारचा माग चालू असला की आप्पा त्या खटखटीवर अंगणभर फिरतात, आणि लाइट गेली की जागच्या जागी थांबतात.

बाकी, अडकले की हाताला धरून ओढायचं नाही, तोल जातो. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी चालेल का ते न्यूरोलॉजिस्टना विचारा, डाळ-दुधाबरोबर घेतली की ती नीट लागत नाही, आमचे निम्मे अडकणे तिथंच कमी झाले.

आणि टेप लावताना फरशी कोरडी पुसून घ्या. तुमच्याकडं खानापुरात पावसाळ्यात ओल किती येते माहिताय, कोपरा सुटला की त्यातच पाय अडकतो, तेवढं रोज सकाळी बघत जा.