दोन्ही नोड उठताच एकमेकांना का पाडतात?

प्रश्न: नमस्कार, आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दोन सर्व्हरचा (म्हणजे नोडचा) पेसमेकर-कोरोसिंक क्लस्टर आहे, एक पडला की दुसरा काम उचलतो अशी जोडी, कोरोसिंक दोघांचा संपर्क ठेवतो आणि पेसमेकर निर्णय घेतो, परवा पावसात लाइट गेली, यूपीएस पण उतरला, आणि लाइट आल्यापासून पहिला नोड वर आला की दुसऱ्याला रीबूट मारतो, तो वर आला की पहिल्याला पाडतो, रात्रभर हेच. साहेब म्हणतायत स्टोनिथ (संपर्क नसलेल्या नोडला जबरदस्तीने पाडायची सोय) बंद करून टाक. करू का?

उत्तर: नका करू. दोघांना एकमेकांचा पत्ता नसताना दोघांनी एकच डिस्क माउंट केली तर डेटाच जाईल, त्यापेक्षा रीबूट परवडले.

आधी दोन्हीकडे क्लस्टरचं ऑटोस्टार्ट बंद करा. मशीन उठू द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, पिंग जातंय ना बघा आणि मग दोन्हीकडे एकदमच हाताने स्टार्ट करा. नीट जोडले गेले तर दोष बूटच्या वेळच्या नेटवर्कचा. बहुतेकदा स्विच असतो, स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचची सोय) चालू असेल तर लिंक आली तरी पोर्ट ३० सेकंद पॅकेट सोडत नाही, तेवढ्यात कोरोसिंक सुरू झालेला असतो, त्याला समोर कोणीच दिसत नाही, मग पेसमेकर म्हणतो दुसऱ्याचं काय चाललंय कळत नाही, पाडा त्याला. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावा, म्हणजे ही वाट बघणं टळेल. जोडलेच गेले नाहीत तर फायरवॉल बघा, कोरोसिंकचा यूडीपी पोर्ट ५४०५ उघडा आहे ना.

पण स्विच सुधारला तरी मूळ राहतंच. एकट्या नोडला कोरम (निर्णय घ्यायला लागणारी किमान मतं) मिळाला कसा? कोरोसिंकच्या कॉन्फिगमध्ये टू_नोड १ असलं की वेट_फॉर_ऑल आपोआप चालू होतं, म्हणजे बूटनंतर दुसरा एकदा तरी दिसल्याशिवाय कोरमच नाही, आणि कोरम नाही तर पाडापाडी पण नाही. तुमच्याकडे कोणीतरी वेट_फॉर_ऑल ० केलंय किंवा जुन्या सेटअपमधून नो-कोरम-पॉलिसी इग्नोर (म्हणजे कोरम नसला तरी काम चालू ठेव) उचललीय, मला तर हीच दाट शंका आहे. दोन्ही तपासा, इग्नोर असेल तर काढाच.

यानंतर एक नोड खरंच मेला असेल तर बूट झालेला दुसरा वाट बघत बसेल. तेव्हा सर्व्हर रूममध्ये जाऊन मेलेल्याची पॉवर केबल काढा, आणि मगच जिवंत नोडवर पीसीएस कोरम अनब्लॉक ही कमांड द्या, म्हणजे तो वाट बघणं सोडेल.

आणि ज्या नोडला वाचवायचंय त्याला पाडणाऱ्या फेन्स डिव्हाइसवर (स्टोनिथ ज्यातून नोड पाडतं ते) १०-१५ सेकंदांचा डिले ठेवा, म्हणजे चालू असताना लिंक तुटली तरी दोघं एकदम बार काढणार नाहीत.