21 प्रकार लिहून घेतले, पण वर्गात मूल कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत नुकत्याच लागलात, प्रशिक्षणात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार लिहून घेतलेत, आणि तिसरीतला न वाचणारा मुलगा त्यातल्या कुठल्या प्रकारात बसतो ते कळत नाही. मी विशेष शिक्षिका, डिचोली-सत्तरीच्या शाळांतून फिरते.

ती यादी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी नीट असूनही वाचन, लेखन, गणित अडणं) नंतर आल्या. यादी लागते दिव्यांगत्वाच्या दाखल्याला, आणि दाखला डॉक्टर देतात. पण अध्ययन अक्षमतेची पहिली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच करायची, असं केंद्राच्या 2018 च्या सूचनांत होतं. म्हणून नाव देऊ नका, पण बघा मात्र नीट, आणि दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवा.

आधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. ‘लक्षच देत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली एक मुलगी मला भेटली होती. पत्र्यावर पावसाची सर आली की ती पार हरवायची. तिचा कान कित्येक महिने वाहत होता, कुणी विचारलंच नव्हतं.

मग भाषा. घरी कोंकणी, शाळेत मराठी. ‘मी’ऐवजी ‘हांव’ लिहिलं तर ती घरची बोली आहे, दोष नव्हे. त्याला कालची हकीकत कोंकणीतच सांगू द्या. सगळं क्रमाने, रंगवून सांगतो, पण वाचताना ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होते, वेलांट्या गळतात, वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत पुन्हा एकेक अक्षर जुळवत वाचतो, आणि हे कित्येक महिने शिकवूनही सुटत नाही? तर अध्ययन अक्षमतेचा संशय घ्या. हकीकतही जुळत नसेल, खेळाचे नियम, बटणं लावणं, सगळ्यातच तो वयाच्या फार मागे असेल, तर बौद्धिक दिव्यांगतेची तपासणी हवी. या दोन्हींची सरमिसळ मी फार पाहिली, आणि त्यात हुशार मुलांची वर्षं गेली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाचं बोलणं अस्पष्ट असलं म्हणून त्याला कळत नाही असं धरणंही तितकंच चूक.

बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पुढच्या बाकाला, तोंडी परीक्षेला, जास्तीच्या वेळेला वर्गात टक्का लागत नाही. ते उद्यापासून द्या.