टेकम्साचं नाटक पाहून शॉनी समाज कळतो का?

प्रश्न: उन्हाळ्यात मुलांना घेऊन ओहायोला जातोय. तिथल्या चिलिकॉथी शहरातलं, टेकम्सा या शॉनी नेत्यावरचं नाटक पाहिलं तर शॉनी लोक (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) खरे कसे राहायचे, ते मुलांना कळेल का?

उत्तर: घोडे कळतील, तोफा कळतील. शॉनी फारसे नाही.

1973 साली सुरू झालेलं नाटक आहे, उघड्यावर, डोंगराच्या कुशीत. देखणं आहे, वादच नाही. पण माझं दुखणं ओहायोतल्याच झीनिया शहराचं. तिथे 1982 ते 2007 ‘ब्लू जॅकेट’ नावाचं असंच नाटक चालायचं. शॉनींचा मोठा युद्धप्रमुख ब्लू जॅकेट म्हणजे मुळात मार्माड्यूक व्हॅन स्वेरिंगेन हा गोरा मुलगा, शॉनींनी पकडून नेऊन वाढवलेला, अशी कथा. आमचे साडू आम्हाला हौसेने घेऊन गेले आणि मध्यंतरात सगळ्यांना सांगत सुटले, “खरी गोष्ट आहे बरं का ही!” मी म्हटलं, तारखा तरी जुळवा. 1773 मध्ये ब्लू जॅकेटच्या नावाचं गाव होतं, आणि मार्माड्यूकचा जन्म 1763 चा. दहा वर्षांचं पोर गावचा प्रमुख? तर म्हणे, “तू ना, रसभंग करतोस.” 2006 मध्ये दोन्ही घराण्यांच्या वंशजांची डीएनए तपासणी झाली, काडीचं नातं निघालं नाही. बातमी त्यांना पाठवली. उत्तर आलं, “अरे, नाटक आहे ते!” मग मध्यंतरात ती खरी गोष्ट कशी होती?

1791 मध्ये अमेरिकन सैन्याचा दारुण पराभव करणाऱ्यांत ब्लू जॅकेट पुढे होता. एवढं कर्तृत्व शॉनी माणसाचं आहे हे पचत नाही, म्हणून त्याला आतून गोरा करायचं. मला हा चक्क चोरीचा प्रकार वाटतो.

आणि समाजाचं म्हणाल तर, अशा नाटकांत बायका शेकोटीपाशी बसतात नाहीतर रडतात. प्रत्यक्षात शॉनींमध्ये शांततेच्या आणि युद्धाच्या कामासाठी स्त्री-प्रमुख असत, बहुधा पुरुष प्रमुखांच्या आया-बहिणी. लढाईला निघालेल्या युद्धप्रमुखाला जाऊन अडवायचा अधिकार त्यांना होता: आम्ही पोरं कशी वाढवली ते आठव, असं सांगून. पेरणी त्यांच्या देखरेखीखाली. जगाची निर्माती तीही त्यांच्या लेखी आजीच. समाजाचे पाच विभाग, वंश बापाकडून. वैद्यकी, धर्मकार्य, युद्ध अशी कामं विभागांकडे वाटलेली. टेकम्सा युद्धाचं काम असलेल्या किस्पोको विभागातला. हे रंगमंचावर आणायला घोडा लागत नाही, म्हणून बहुतेक येत नसावं.

हां, कैद्यांना दत्तक घ्यायची चाल मात्र खरी होती. स्टीफन रडेल हा 1780 मध्ये पकडलेला गोरा मुलगा टेकम्साबरोबरच वाढला. त्यामुळे झीनियाची कथा अगदी हवेतून आली नव्हती. शिवाय चिलिकॉथीचा प्रयोग मी पाहून बरीच वर्षं झाली, मधे बदल झाले असतील.

तर जा जरूर. फक्त मुलांना आधी सांगा की शॉनी संपलेले नाहीत. 1830 च्या दशकात त्यांना ओहायोतून हुसकावलं. आज ओक्लाहोमात त्यांच्या तीन सरकारमान्य जमाती आहेत. आणि बरोबर एखादे हौशी नातेवाईक असतील, तर “खरी गोष्ट” म्हणायचं की “नाटक”, ते तिकीट काढायच्या आधीच त्यांच्याकडून ठरवून घ्या. आमचे साडू पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना अजून मार्माड्यूकच सांगतात.